पंच्याहत्तरावं बसकर

माझ्या बायकोनं इंदापुरात दुकान काढलं, त्यात माझा काडीचाही हात नव्हता. मी फक्त तीन कामं केली. पाटीचा मजकूर दिला, परवान्याचा अर्ज भरला आणि एक यादी तयार केली. पुढं जे जे बिघडलं ते नेमकं या तीनच ठिकाणी बिघडलं, हा निव्वळ योगायोग. सुकन्याला, म्हणजे बायकोला, तो योगायोग वाटत नाही. पण तिनं कधी सरकारी कचेरीत काम केलेलं नाही. मी सतरा वर्षं लिपिक आहे, त्यातली पाच वरिष्ठ, आणि माझ्या हातून गेलेल्या कागदात चूक काढायची आजवर कुणाची टाप झालेली नाही.

दुकान म्हणजे एसटी स्टँडच्या मागं बापूसाहेबांचा एक गाळा. आत जे काही होतं ते सगळं हातानं केलेलं, आणि उद्या फेकलं तर मातीला मिळणारं. मक्याच्या सालपटांच्या बाहुल्या, ज्वारीच्या कणसांची तोरणं, कडब्याच्या टोपल्या आणि लोकरीची बसकरं. बसकर म्हणजे बसताना खाली घ्यायचा घोंगडीचा चौकोनी तुकडा. आमच्या आईनं, तानूबाईनं, लोकर कातायची, डाळजच्या शकुबाईनं मागावर विणायची, आणि सुकन्यानं काठ शिवायचे, अशी वाटणी होती. आमच्या घरातली मेंढरं जाऊन दोन पिढ्या झाल्या, पण आईच्या हातातली सूत कातायची चाती काही सुटली नव्हती.

कल्पना मात्र शेजारच्या धम्मदीपसरांची. सर हायस्कुलात विज्ञान शिकवतात आणि त्या साली, म्हणजे सत्त्याण्णव साली, त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्यांविरुद्ध युद्ध पुकारलं होतं. एकदा आमच्या दारावरचं तोरण बघून ते म्हणाले, "वहिनी, ही कला आहे. हे लोकांनी एकमेकांना भेट द्यायला पाहिजे." सुकन्या आयुष्यभर तोरणं करत आली होती आणि आल्यागेल्याला फुकट वाटत आली होती. त्याला कला म्हणतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. त्या रात्री ती भाकरी थापताना गुणगुणत होती, आणि मला उगाच अपराधी वाटलं.

बापूसाहेबांनी गाळा दिला, पण मुदत घालून. त्यांच्या भाच्याला तिथं एसटीडी बूथ टाकायचा होता. "भाऊसाहेब, वैशाखापातुर बघतो," ते मला म्हणाले. आमच्याकडं लिपिकाला भाऊसाहेब म्हणतात, आणि त्यात काही वावगं आहे असं मला वाटत नाही. "दुकानात गिऱ्हाईक दिसलं तर ऱ्हावा खुशाल. न्हायतर भाच्याचा टेलिफोन बसवतो. आपलं काय वाकडं न्हाय."

 त्या दिवसापासून सुकन्या गाळा दिवसातून तीनदा झाडायला लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण "हे माझं" असं तिनं कशाला म्हटलेलं मला आठवत नव्हतं. गाळ्याला मात्र ती म्हणायची. तो जाऊ नये असं मला अगदी मनापासून वाटत होतं. म्हणून तर मी मदतीला उतरलो.

आता पाटी. मी मजकूर दिला तो असा: 'सुकन्या पर्यावरणपूरक हस्तनिर्मित भेटवस्तू केंद्र'. यात एक तरी शब्द कमी करता येईल का, सांगा. रामहरी पेंटरला मी तेच विचारलं, तर तो म्हणाला, "एकच ठिवा. दुकान." कलावंताला विषयाचं गांभीर्य नसतं. त्यानं 'सुकन्या पर्यावरण' एवढं झोकदार अक्षरात काढलं आणि पाटी संपली. मग 'पूरक हस्तनिर्मित भेटवस्तू' हे मुंगीच्या पावलांनी खालच्या कडेला गेलं, आणि त्याच्याकडं लाल रंग उरला होता म्हणून 'केंद्र' पुन्हा हातभर मोठं झालं. रस्त्यावरून दिसायचं फक्त 'सुकन्या पर्यावरण केंद्र'.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ्यासमोर रांग. सुकन्या हरखली. पहिलेच आजोबा सातबाराचा उतारा आणि दोन फोटो घेऊन आत आले. "फारम कुठं मिळंल?"

"कसला फॉर्म?"

"योजनेचा. तुमी नुस्तं नाव घालून घ्या, बाकीचं मी बघतो."

मागून एक बाई म्हणाली, "सुकन्या म्हंजी लेकींसाठनं हाय न्हवं? मला तीन हायत्या. चौथीचं नाव नकोशी ठिवलंय, ती बी धरा."

सुकन्यानं दिवसभर घसा कोरडा करून सांगितलं की ही योजना नाही, हे दुकान आहे, इथं द्यायचं नसतं, घ्यायचं असतं. लोकांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सायेब कधी येणार?" बापूसाहेब समोरच्या हाटेलातून ही गर्दी बघत होते. संध्याकाळी ते खुशीत आले. "काय काय खपलं म्हणायचं?" खपलं काहीच नव्हतं. अकरा अर्ज मात्र जमा झाले होते. ते मी नीट फायलीला लावून ठेवले. कागद आहे, असा कसा फेकणार?

परवान्याची हकिगत त्याहून सरळ आहे. तिथल्या लिपिकासमोर छापील तक्ता होता. किराणा, कापड, भुसार, लोखंड, वैरण, इतर. मी म्हटलं, "इतर." तो म्हणाला, "इतरला वरून मंजुरी लागते, तीन महिने धरा. माल कशाचा आहे?" मी खरं ते सांगितलं, कडबा, ज्वारीची कणसं, मक्याची सालपटं. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि 'वैरण' वर खूण केली. कुणी दुसरा असता तर चिडला असता. मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. सुकन्यानं परवाना वाचला आणि देव्हाऱ्यात ठेवायच्या ऐवजी पिठाच्या डब्याखाली सारला.

पण सरकारी कागद खोटा नसतो, हे पुढच्याच आठवड्यात सिद्ध झालं. बापूसाहेबांची शेळी दुपारच्या वेळी गाळ्यात शिरली आणि तिनं चार तोरणं, एक टोपली आणि सहा बाहुल्या खाल्ल्या. धंद्याचा प्रकार तिनंच प्रमाणित केला म्हणायचा. बापूसाहेब धावत आले ते आमचं नुकसान बघायला नव्हे. "रंग इखारी न्हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. सुकन्या म्हणाली, "पळसाच्या फुलांचा आहे. काही होत नाही." आणि खरंच काही झालं नाही. शेळी रोज दुपारी येऊन उभी राहायला लागली. तेवढंच काय ते आमचं कायमचं गिऱ्हाईक.

शेजाऱ्यांचे सल्ले सुरूच होते. कुणी म्हणालं, जोडीला थंडा ठेवा. कुणी म्हणालं, पाटी काढा. कुणी म्हणालं, भाऊसाहेबांना काढा. चैत्र निम्मा सरला होता. सुकन्या आता गाळा चारदा झाडत होती.

आणि मग माझ्याच पाटीमुळं नशीब फळफळलं, हे सगळे सोयीस्कर विसरतात. अंथुर्ण्याचे बागायतदार दादासाहेब ठिबक सिंचनाची योजना विचारायला म्हणून आत आले. योजना नाही म्हटल्यावर ते निघालेच होते, पण ऊन मी म्हणत होतं, म्हणून सुकन्यानं पाणी दिलं आणि खाली बसकर टाकलं. दादासाहेब बसले. पाणी झालं, चहा झाला, अर्धा तास गेला तरी माणूस उठेना.

"ताई, हे काय हाय वो? पार गारवा लागतोय."

"घोंगडीचं बसकर आहे. लोकर उन्हात तापत नाही, थंडीत गारठत नाही."

दादासाहेबांच्या लेकीचं, तेजश्रीचं, लग्न वैशाखात होतं. आमच्या भागात लग्नात मानाच्या पाहुण्यांना टॉवेल-टोपी देतात. तो टॉवेल कुणी वापरत नाही, टोपीही कुणी घालत नाही. पुढच्या लग्नात ती पुढच्या पाहुण्याला जाते. दादासाहेबांच्या पेटीत असा ढीग साठला होता, आणि मागच्या साली त्यांनी दिलेला एक टॉवेल, घरच्या हळदीच्या डागासकट, त्यांच्याकडंच परत आला होता. तेव्हापासून त्यांचं मन उडालं होतं.

"आपण कायतरी येगळं करू," ते म्हणाले. "टॉवेल-टोपी बंद. पंच्याहत्तर मानकरी हायती, पंच्याहत्तर बसकरं द्या. लोकांनी घरी न्हेऊन वापरली पायजेत. लग्नात तालुका लोटनार हाय. तुमचं नाव हुतंय का न्हाय बघा."

बापूसाहेब दारातच उभे होते, शेळीला न्यायला आलेले. तेही त्या लग्नाला जाणार होते, नवरदेवाकडून. ते म्हणाले, "मग त्या लग्नातच काय ते कळंल. लोकांनी घेतलं तर गाळा तुमचा. न्हाय घेतलं तर टेलिफोन." सुकन्या हो म्हणाली. आणि लगेच केरसुणी हातात घेतली.

त्यानंतरचा महिना आमच्या घरात माणसं कमी आणि लोकर जास्त होती. भातात लोकर, चहात लोकर, माझ्या कचेरीच्या शर्टावर लोकर. घोंगडीला चिंचोक्याची खळ लागते. चिंचोके भाजायचे, भिजवायचे, वाटायचे आणि शिजवून त्याचा चिकट रांधा करायचा. तो लावला की घोंगडी ताठ होते. शिजताना त्याचा जो वास सुटतो, त्यानं आमची गल्ली ताठ झाली. सरांच्या घरच्या प्रियदर्शनीवहिनी दवाखान्यात नर्स आहेत. त्या म्हणाल्या, "वहिनी, थोडी खळ मला द्या. पेशंट शुद्धीवर आणायला बरी." पण गच्ची त्यांनीच दिली वाळवायला. अठ्ठ्याहत्तर बसकरं केली होती, तीन जास्तीची, अडीअडचणीला. चैत्राच्या वावटळीनं नेमकी तीन नेली. एक स्टँडवर सोलापूरच्या गाडीच्या टपावर पडलं आणि ते सोलापूरला गेलं. उरली बरोबर पंच्याहत्तर.

लग्नाच्या आदल्या दिवशी गठ्ठे घेऊन आम्ही अंथुर्ण्याला जायला बारामती गाडीला गेलो. शेवटच्या खेपेची बसकरं जरा दमट होती, आणि लोकर दमट झाली की तिला तिच्या मूळ मालकिणीचा वास येतो. कंडक्टरनं गठ्ठा हुंगला. "जनावर हाय का सामान?"

"सामान," मी म्हटलं.

"वासावरनं तर जनावर वाटतंय. जनावराला हाफ तिकीट बसतंय."

मी त्याला नियम विचारला. त्यानं मला खाली उतरायला सांगितलं. शेवटी आई पुढं झाली आणि म्हणाली, "लेकरा, लोकर हाय ती. तुज्या आज्यानं बी पांगरली आसंल." गठ्ठे टपावर गेले. माझ्या हातातला नियमाचा मुद्दा तसाच राहिला.

आता यादी. इथं जरा शांतपणे ऐकून घ्या. दादासाहेबांनी मानकऱ्यांची नावं कॅलेंडरच्या पानामागं लिहून दिली होती, वेडीवाकडी, कुणाचं आडनाव नाही, कुणाचं नुसतंच 'आबा'. वर पहिलं नाव होतं श्रीपती हाके, नवरदेवाचे चुलत आजोबा, कन्हेरीचे. तळाशी लिहिलं होतं, 'जीपचा गेणू, त्येला बी एक द्या'. असा कागद माईकवर वाचायचा? राहिलेली आडनावं मी विचारून घेतली आणि तो रात्री बसून शुद्ध केला. पंच्याहत्तर नावांना क्रम कुठला लावायचा, हा खरा प्रश्न होता. ज्येष्ठतेनं लावायचा तर जन्मतारखेचे पुरावे लागतात. पुरावे नसतील तर आडनावांचा वर्णानुक्रम. कुठल्याही कचेरीत विचारा. मी अनुक्रमांक घातले, समास आखला, दोन प्रती केल्या. सुकन्यानं विचारलं, "दादासाहेबांनी लिहिल्याप्रमाणंच आहे ना?" मी म्हटलं, "त्याहून चांगलं आहे."

अंथुर्ण्याला मांडव मोठा होता. वैशाखातलं ऊन मांडवातूनही खाली उतरत होतं. पुढं खुर्च्यांवर मानकरी, त्यात सगळ्यात पुढं मधोमध श्रीपतीआबा, डोळे मिटून, दोन्ही हात काठीवर. त्यांनी मान हलवल्याशिवाय अक्षता पडत नाहीत, असं कन्हेरीकर सांगत होते. बायकांच्या बाजूला सुकन्या आणि आई. बापूसाहेब दुसऱ्या रांगेत. माईकवर मी. माझ्यासाठी लोखंडी खुर्ची होती, आणि ती अशी तापली होती की बसताक्षणी मी उठलो. मग गठ्ठ्यातलं एक बसकर काढून खाली घेतलं आणि निवांत झालो. एवढी साधी गोष्ट, कुणीही विसरेल.

मी घसा साफ केला आणि पहिलं नाव पुकारलं. "अनुक्रमांक एक. आटोळे, गेणू!"

 गेणू आटोळे जीपखाली होता. कुणीतरी त्याला पायाला धरून बाहेर काढलं. तो ग्रीसचे हात पुसत, घाबरून पुढं आला. "म्या काय केलं वो?" त्यानं मला विचारलं. दादासाहेबांनी त्याच्या हातात बसकर दिलं आणि माझ्याकडं असं पाहिलं की त्याचा अर्थ मला नंतर लागला.

"अनुक्रमांक दोन..."

तिसऱ्या-चौथ्या नावाला कुजबुज सुरू झाली. 'क' संपेपर्यंत ती कुजबुज राहिली नव्हती. नवरदेवाचे मामा, वाघमोडे म्हणून होते, मिशीवाले. त्यांनी शेजाऱ्याच्या हातातलं बसकर उलटंपालटं करून बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "टोपी कुठाय?"

"टोपी न्हाय वाटतं."

"मंग ह्ये काय डोक्याला बांदायचं? बसकर हाय ह्ये. आरं, डोक्याचा मान हुता, त्यो बुडाखाली घातला की!"

झालं. दोघांनी बसकरं परत आणून टेबलावर ठेवली. कुणीतरी म्हणालं, पाव्हण्यांना भुईला बसवताय व्हय. कुणीतरी म्हणालं, डायवरला आधी आन् आजोबाचा पत्त्या न्हाय. बापूसाहेब मागं रेलून दाढी खाजवत होते, आणि मला समोर त्यांच्या भाच्याचा टेलिफोन वाजताना ऐकू यायला लागला. सुकन्याकडं बघायचा मला धीर होईना. तरी बघितलं. तिनं आईचा हात घट्ट धरला होता. महिनाभर लोकरीनं सोललेली तिची बोटं मला इथून दिसत होती. 

पण यादी मधेच सोडायची मला सवय नाही. मी वाचत राहिलो. प, ब, म. शाळेत असल्यापासून 'ह' शेवटी येतो हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

"अनुक्रमांक पंच्याहत्तर," मी म्हणालो, आणि माझा आवाज माईकमधूनसुद्धा बारीक आला. "हाके, श्रीपती."

आबांनी डोळे उघडले. मी गठ्ठ्याकडं हात केला. गठ्ठा रिकामा. परत ठेवलेली दोन कुणीतरी पोरं घेऊन गेली होती. मी टेबलाखाली बघितलं, माईकमागं बघितलं. पंच्याहत्तर होती, मी स्वतः तीनदा मोजलेली. दादासाहेबांनी कपाळाला हात लावला. तेव्हा मला सुकन्या दिसली. ती माझ्या तोंडाकडं बघत नव्हती, त्याच्या बरीच खाली बघत होती. आणि तिचे ओठ हलले. "उठा."

मी उठलो. पाचशे माणसांसमोर मी माझ्या बुडाखालचं बसकर काढलं, झटकलं, आणि कन्हेरीच्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या हातात दिलं. यापुढं माझ्या अब्रूबद्दल मी काही सांगत नाही.

आबांनी ते हातात घेतलं. अंगठ्यानं काठ चाचपला. मग नाकाला लावलं, आणि मी डोळे मिटले.

"चिंचोक्याची खळ हाय," आबा म्हणाले. "सूत कुणाचं?"

बायकांतून आईचा आवाज आला. "माज्या हातचं हाय, आबा. काळी लोकर हाय, रंग न्हाय लावल्याला."

"व्हय, ते दिसतंय. पर ह्ये गरम कसं काय लागतंय?"

मी यादीची दुसरी प्रत चाळायला लागलो.

मिशीवाले वाघमोडे उठले. "आबा, मनावर घिऊ नका. आमी हाय न्हवं. बसकर देत्यात काय, तुमाला शेवटाला पुकारत्यात काय. चला, उठा, जाऊ."

"बस खाली," आबा म्हणाले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. मग ते बसकर दोन्ही हातांनी उचललं आणि सावकाश डोक्यावर घेतलं. "माज्या बानं जल्मभर ह्येच डोईवर घेतलं. पावसात बी, उनात बी. त्येला कुनी टोपी दिली न्हवती. त्यो गेला तवा ह्येच आंगावर हुतं. ह्येला कुठं ठिवायचं, ते मला शिकिवतू व्हय रं?"

वाघमोडे बसले.

"आन् शेवटाला म्हंतुस. आरं, कळप रस्त्यानं निघाला म्हंजी फुडं कोन आसतंय?"

मागून एक पोर म्हणालं, "बकरी."

"आन् समद्यात मागं?"

मांडवात सगळ्यांच्या घरी कधी ना कधी मेंढरं होती. सगळ्यांना उत्तर माहीत होतं, म्हणूनच कुणी देईना.

"धनी आसतू," आबा म्हणाले. "मागं ऱ्हायल्यालं कोकरू उचलून घ्येनारा. ह्या भाऊसायबांनी मला शेवटाला पुकारलं, तवा मी धनी. तुमाला आदी पुकारलं, तवा तुमी कोन, ते तुमचं तुमी बगा."

 मग गेणू आटोळे, अनुक्रमांक एक, जीपपाशी खदाखदा हसायला लागला. "म्हंजी म्या म्होरक्या बोकुड!" आणि सगळा मांडव फुटला. दादासाहेब हसता हसता रडत होते, की रडता रडता हसत होते, कोण जाणे. पहिल्यांदा गेणूनं बसकर डोक्यावर घेतलं, मग एकेकानं. परत केलेली दोन बसकरं पोरांच्या हातातून हिसकावून घेतली गेली. वाघमोड्यांनी सगळ्यात शेवटी घेतलं, पण घेतलं. आबांनी मान हलवली. तेजश्रीच्या लग्नाच्या अक्षता पडल्या तेव्हा पुढच्या रांगांत पंच्याहत्तर माणसं डोक्यावर घोंगडीचे तुकडे घेऊन अंगभर अक्षता झेलत होती. फोटोत ते फार विचित्र दिसतं. तो फोटो दुकानात लावलाय.

हे सगळं मी आधीच विचार करून केलं होतं, असा चेहरा मी तेवढ्यात करून घेतला. परतीच्या गाडीत सुकन्यानं त्या चेहऱ्याकडं बघितलं आणि इंदापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघून हसत राहिली. मग म्हणाली, "पाटी मात्र मी बदलणार." मी मोठ्या मनानं परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूसाहेब आले. "भाच्याचा टेलिफोन तिकडं कोपऱ्याला बसवू," ते म्हणाले. "गाळा तुमचा. फकस्त जुनी तोरणं टाकून दिऊ नका, शेळीला लागत्यात." जाताना दारात घुटमळले. "भाऊसाहेब, आषाढाआधी आमच्या मेव्हण्याच्या घरी कार्य हाय. यादी तुमीच करा. पर माजं नाव जरा मागं घ्या. शेवटाला न्हाय म्हनत, पर शेवटाच्या जवळपास."

त्या मोसमात अंथुर्ण्यापासून कन्हेरीपर्यंत जी जी लग्नं झाली, त्यात पुढं बसायला कुणी तयार होईना. पूर्वी पाहुणे रुसायचे ते उशिरा पुकारलं म्हणून, आता आधी पुकारलं म्हणून रुसायला लागले. वाघमोडे तर मला कचेरीत येऊन भेटले आणि हाकेच्याही नंतर येणारं एखादं आडनाव सरकारात करून मिळतं का, म्हणून विचारून गेले. मी त्यांना अर्जाचा नमुना दिला. बसकरं मात्र घरोघर गेली. ती टॉवेलसारखी परत आली नाहीत, कारण लोक त्यांच्यावर बसायला लागले होते.

दिवाळीच्या आधी सुकन्यानं गाळ्यात छोटासा कार्यक्रम केला. ज्यांचे हात लागले त्यांना एकेक बसकर द्यायचं. यादी तिनंच केली होती, कॅलेंडरच्या पानामागं. मी बघू का म्हटलं तर नको म्हणाली. पहिलं नाव शकुबाईचं, मग धम्मदीपसर, प्रियदर्शनीवहिनी, दादासाहेब, बापूसाहेब. रामहरी पेंटरलासुद्धा मिळालं. नव्या पाटीवर त्यानं एकच शब्द लिहिला होता. शेळीच्या गळ्यात तोरण घातलं, ते तिनं तिथंच खाल्लं. मग आईचं नाव आलं. आईनं बसकर घेतलं आणि लगेच त्याची वीण उसवून बघायला लागली.

माझं नाव काही येईना. टाळ्या वाजवून माझे हात दुखले होते. पाटी कुणाची होती? परवाना कुणी काढला? राग नाकापर्यंत आला आणि मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठायच्या बेतात होतो.

"आता शेवटचं नाव," सुकन्या म्हणाली, आणि माझ्याकडं बघून हसली.

राग तिथंच थांबला.  मी पुढं झालो, तिच्या हातून बसकर घेतलं आणि सगळ्यांसमोर डोक्यावर ठेवलं. काहीतरी गार आणि चिकट कानामागून खाली उतरायला लागलं.

"सोमा," आई म्हणाली, "आरं, खळ वाळली न्हाय आजून त्येची."

वाळेपर्यंत मी ते काढलं नाही.